पदक कोरियाचे, उशीर वॉशिंग्टनचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोरियन युद्धावरील आपल्या रविवारच्या लेखात, अमेरिकेने आपल्या माजी सैनिकांना अर्धशतकानंतर पदक देऊन गौरवले, असे म्हटले आहे. यात श्रेय भलत्याच्याच पदरात पडले. ते पदक अमेरिकेचे नव्हतेच. १९५१च्या जानेवारीत दक्षिण कोरियाची राजधानी सोल दुसऱ्यांदा शत्रूच्या हाती गेली होती. त्याच वर्षी, तोफा धडधडत असतानाच, दक्षिण कोरियाने आपल्यासाठी लढणाऱ्या परदेशी सैनिकांना हे युद्धसेवा पदक देऊ केले होते.

घोडे अडले ते वॉशिंग्टनमध्ये. अमेरिकी राज्यघटनेनुसार सरकारी सेवेतल्या माणसाला परक्या सरकारकडून भेट वा किताब घ्यायचा तर काँग्रेसची, म्हणजे तिथल्या संसदेची, संमती लागते. नियम वाईट नाही. पण त्याच कलमात वाट ठेवलेली असताना पदक स्वीकारायला २० ऑगस्ट १९९९ उजाडावा, ही माझ्या मते निव्वळ चालढकल. तोवर विशीतले शिपाई सत्तरीला टेकले होते. दिवंगतांसाठी वारसांनी अर्ज करावेत, अशी सोय करावी लागली. अट काय, तर २५ जून १९५० ते २७ जुलै १९५३ या काळात सलग ३० किंवा तुटक ६० दिवसांची सेवा! आणि गणवेशावरच्या मानक्रमात हे पदक १९९१च्या कुवेतमुक्तीच्या पदकांच्याही मागे लागते.

संयुक्त राष्ट्रांनी मात्र १२ डिसेंबर १९५०लाच आपल्या पदकाचा ठराव केला. निळ्या-पांढऱ्या सतरा पट्ट्यांची फीत, वर ‘कोरिया’ लिहिलेली पट्टी आणि मागचा मजकूर थाई, तुर्की, ग्रीक, अम्हारिक अशा त्या त्या पथकाच्या भाषेत. एवढी कदर फार थोडी सरकारे करतात.

लेखात भारताचा उल्लेखही नाही. आपण लढायला तुकडी पाठवली नाही, हे खरे. पण ले. कर्नल ए. जी. रंगराज यांच्या ६० पॅराशूट फील्ड अ‍ॅम्ब्युलन्स या लष्करी वैद्यकीय पथकातले डॉक्टर आणि जवान मार्च १९५१मध्ये कोरियातल्या मुन्सान-नीला अमेरिकी छत्रीधारी सैनिकांबरोबर विमानातून उतरले होते. मायदेशी परतायला नकार देणाऱ्या बावीस हजारांहून अधिक युद्धकैद्यांवर १९५३-५४मध्ये पहारा ठेवणाऱ्या भारतीय दलाचे नेतृत्व तर कोल्हापूरकडच्या मेजर जनरल एस. पी. पी. थोरात यांच्याकडे होते. २७ जुलैला युद्धविरामाच्या निमित्ताने थोरातांच्या त्या कामगिरीवर आपण एखादे पान द्यावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सातारा