शिल्डेड केबल घेताय तर जॅककडे पण बघा

संपादक महोदय,

हल्ली वायर्ड नेटवर्कसाठी लोक आवर्जून शिल्डेड (आत धातूचं आवरण असलेली) केबल मागतात, चांगलंच आहे, पण खोक्यावरचा कॅट ६, कॅट ८ असा मोठा आकडा (कॅट म्हणजे कॅटेगरी, केबलचा दर्जा) बघून केबल घेतात आणि भिंतीत जॅक, म्हणजे केबल जिथे जोडतात ते सॉकेट, साधा प्लास्टिकचाच बसतो, हे बघून खरंच वाईट वाटतं म्हणून लिहितोय.

केबलमधे आठ तारांच्या चार जोड्या असतात. एफ/यूटीपी म्हणजे सगळ्या जोड्यांवर मिळून एक फॉइल, एस/एफटीपी म्हणजे प्रत्येक जोडीला वेगळी फॉइल आणि वरून जाळी. हे शिल्ड बाहेरचा नॉइज, म्हणजे विजेचा अडथळा, अडवतं, पण त्यासाठी ते जॅकच्या मेटल बॉडीला, तिथून पॅच पॅनलला (सगळ्या केबल्स जिथे येऊन मिळतात ती पट्टी) आणि ती ज्यात बसते त्या रॅकच्या अर्थिंगला नीट जोडलेलं हवं. एफ/यूटीपीत फॉइलला लागून एक बारीक उघडी तार असते, ड्रेन वायर. जॅक बसवताना ती अडचण समजून बुडापासून कापलेली मी कितीतरी ठिकाणी बघितलीय. म्हणजे पैसे शिल्डचे गेले आणि शिल्ड कुठेच जोडलेलं नाही! जोड्यांचा पीळसुद्धा जॅकपाशी १३ मिमीपेक्षा जास्त सोडायचा नसतो, पण घाईत दोन-दोन इंच उलगडून ठेवतात आणि मग स्पीड मिळत नाही म्हणून केबलला नावं ठेवतात.

आणि आकड्यांचं म्हणाल तर १० जीबीपीएस स्पीड १०० मीटरपर्यंत न्यायला ५०० मेगाहर्ट्झची कॅट ६ए पुरते, साधी कॅट ६ त्या स्पीडला फारतर ५५ मीटर. कॅट ८ ही २५-४० जीबीपीएसची, तीही जेमतेम ३० मीटर, ती डेटा सेंटरसाठी आहे, घरात तिचं काय काम? कॅट ७ ला तर जीजी४५, टेरा असे वेगळे जॅक ठरलेत आणि अमेरिकेच्या टीआयए या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने ती कॅटेगरी मान्यच केलेली नाही.

मोटर, लिफ्ट, जाड पॉवर केबल शेजारून जात असेल तर शिल्डेड जरूर घ्या, नाहीतर साधी यूटीपी (शिल्ड नसलेली) कॅट ६ए पण उत्तम चालते, फक्त तार अस्सल तांब्याची हवी, तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची नको, पीओईवर (नेटवर्क केबलमधूनच वीज देऊन) कॅमेरे चालवणार असाल तर ती तापते.

काम झालं की केबल तपासायचा टेस्टर लावून घ्या. आठ दिवे लागले म्हणून टेक्निशियनला लगेच सोडू नका, शिल्डचा नववा, जी लिहिलेला दिवा लागतोय का तेही बघा.

आपला,
एक नियमित वाचक