फोंड्यातली एक संध्याकाळ

म्हापसा, रविवार

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

आग्नेय आशिया फिरून मुंबईत उतरणाऱ्या त्या अमेरिकन हार्डकोर पंक (वेगवान, ओरडून गायचं रॉक) बँडच्या पोरांना एक संध्याकाळ फोंड्यात आणायचा तुझा बेत वाचला. जरूर आण. मात्र लोक किती जमतील ही चिंता आत्ता नको. फिरतीवरचा बँड आधी तीन गोष्टी विचारतो: झोपायचं कुठे, जेवायला काय, अ‍ॅम्प (गिटारचा आवाज वाढवणारे संच) कोणाचे?

पेडण्याकडे दशावतारी येतात ना, तसंच हे. पेटारा उतरला की देवळात मुक्काम आणि गावाचं जेवण. खेळाचं मग रात्री. ऐंशीच्या दशकात ब्लॅक फ्लॅग हा बँड व्हॅनमधून अमेरिकाभर हिंडला तो असाच, कुणाच्या तरी जमिनीवर पथारी टाकत. १९८२ पासून 'मॅक्सिमम रॉकनरोल' या अमेरिकन पंक मासिकात गावोगावच्या पोरांनी आपल्या सीनची, म्हणजे तिथल्या बँडांच्या नि श्रोत्यांच्या वर्तुळाची, हकीकत लिहून पाठवायला सुरुवात केली. ब्राझीलमधल्या साओ पाउलोच्या रातोस द पोरांव या बँडची ख्याती पोर्तुगीज न कळणाऱ्यांपर्यंत पोचली, ती अशा कागदांतून आणि कॅसेटींच्या अदलाबदलीतून. कंपनी, एजंट फार उशिरा आले.

वेळ दुपारची ठेव. रविवारी चारला सुरू, साडेसातला बंद. न्यूयॉर्कच्या सीबीजीबी क्लबात हार्डकोर रविवारी दुपारीच व्हायचं, म्हणून शाळकरी पोरांनाही येता यायचं. आपल्याकडे आणखी दोन कारणं आहेत. रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही आणि आठनंतर मडगाव-पणजीची बस मिळणं मुश्किल. तीन बँड पुरे: स्थानिक दोघांना वीस-वीस मिनिटं, पाहुण्यांना पस्तीस, मध्ये सामान बदलायला पंधरा. चौथा बँड घुसवलास की सगळं वेळापत्रक कोसळतं आणि फटका पाहुण्यांनाच बसतो. पंचायतीचा ना हरकत दाखला, लाउडस्पीकरची परवानगी आणि पोलिसांना पत्र, हे महिनाभर आधीच उरकून टाक.

आता विजेचं. इथेच बहुतेकांची माती होते. त्यांच्याकडे १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. त्यांनी स्वतःचं हेड (अॅम्पची यंत्राची पेटी) आणलं तर मागे व्होल्टेजचा खटका आहे का ते फोटो मागवून बघ. नसेल तर १००० व्हीएचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवा. बाजारात मिळणारा छोटा अडॅप्टर फक्त पिना बदलतो, व्होल्टेज नाही. त्यावर हेड लावलं की फ्यूज उडतो, नशीब खोटं असेल तर आतला ट्रान्सफॉर्मरही जातो. मग अर्थिंग. जुन्या हॉलात प्लगाला तिसरं भोक असतं, मागे तार नसते. मल्टिमीटर लावून फेज आणि अर्थमध्ये २३० च्या आसपास दिसतं का, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत आहे का, हे आदल्या दिवशी वायरमनकडून तपासून घे. गिटारचे अ‍ॅम्प आणि माइकचं मिक्सर एकाच बोर्डावर असू दे. नाहीतर घामाने भिजलेल्या गिटारवाल्याचा ओठ माइकला लागताच झटका बसतो.

हेड ते कॅब (स्पीकरची पेटी) ही वायर स्पीकरचीच हवी. दिसायला गिटारच्या वायरीसारखीच असते, म्हणून घाईत अदलाबदल होते आणि व्हॉल्व्हचं हेड जळतं. ८ ओहमच्या दोन कॅब जोडल्या तर हेडवर ४ ठेव. ड्रमर झांजा, स्नेअर ड्रम आणि पेडल स्वतःचं आणतो. बाकी सेट, स्टँड, बसायचं स्टूल आपलं. स्टँडवरच्या प्लास्टिकच्या नळ्या आणि फेल्टच्या चकत्या मोजून घे. भाड्याच्या सेटात त्याच नेमक्या गायब असतात, आणि लोखंडावर घासून दुसऱ्याची महागडी झांज भोकापाशी चिरते. खाली जाजम घाल आणि बेस ड्रम सुंभाने स्टुलाला बांध, नाहीतर तिसऱ्या गाण्यापर्यंत तो प्रेक्षकांत जाऊन बसतो.

शंभर माणसांच्या खोलीत पीए (हॉलचे लाउडस्पीकर) फक्त गाणाऱ्याच्या आवाजासाठी. ड्रमला माइक लावायचा साउंडवाल्याचा हट्ट मोडून काढ. गाणारा माइकची जाळी मुठीत धरणार, हे गृहीत धर. तशी धरली की माइक चारही बाजूंनी ऐकू लागतो आणि शिट्टी मारतो. म्हणून मॉनिटर (गाणाऱ्याकडे तोंड केलेला स्पीकर) फार चढवायचा नाही. एसएम ५८ माइक दोन ठेव; पोरं ओळी ओरडायला माइकवर तुटून पडतात तेव्हा एक हमखास पडतो. स्पीकरचे स्टँड खांबाला बांध.

जेवण विचारून कर. यांच्यात व्हीगन (दूध-तूपही न खाणारे) पुष्कळ, आणि 'स्ट्रेट एज' म्हणवणारे दारू-सिगारेटला शिवत नाहीत. ते नाव वॉशिंग्टनच्या मायनर थ्रेट बँडच्या १९८१ च्या गाण्यावरून पडलं. खतखतं, मूगागाठी, उकड्या तांदळाचा भात, सोलकढी, सगळं नारळावर चालतं. फक्त वहिनींना सांग, वरून तूप नको आणि भाजीत सुक्या सुंगटांची (कोळंबीची) चिमूटही नको. आपल्याला 'वासापुरती' वाटते ती. वाजवायच्या दोन तास आधी वाढ.

पैशाचं थोडक्यात. दार तीनशे रुपये आणि दारावर बाई-बाप्या दोघंही नेमलेले. वॉशिंग्टनच्या फुगाझी बँडची पोरं तिकिटाला वर्षानुवर्षं पाच डॉलरवर अडून बसली, ते उगाच नाही. शंभर जण आले तर तीस हजार. हॉल, सामान, जेवण वजा करून उरेल त्यात विमान भागत नाही, बँडची कमाई टी-शर्टांवरच असते. त्यांना टेबल आणि दिवा दे, टक्का मागू नकोस. पर्यटक व्हिसावर मात्र वाजवता येत नाही. कुठला व्हिसा लागेल ते त्यांनी वकिलातीकडून लेखी घ्यावं. मानधन दिलंस तर परदेशी कलाकारांवर २० टक्के कर आणि वर सेस कापावा लागतो. मुंबईहून कोकणकन्येने आण. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं.

असल्या गाण्यावर प्रेक्षक एकमेकांना धडकतात, पण आपल्या पोरांची मला काळजी नाही. शिगम्यात रोमटाच्या (ढोल-ताशांच्या मिरवणुकीच्या) गर्दीत वाढलेल्याला पडलेल्या माणसाला उचलायचं शिकवावं लागत नाही. इंडोनेशियात सीन दांडगा, पण २०११ च्या डिसेंबरात आचे प्रांतात पोलिसांनी पंक कार्यक्रमातून साठाहून जास्त पोरं उचलली आणि त्यांची डोकी भादरली. त्या मानाने आपलं दहाचं बंधन काहीच नाही. मुंबईच्या स्क्राइब बँडने 'हेल मोगॅम्बो' नावाचा अल्बम काढला तसं आपल्या दोघा बँडांनीही स्वतःच्या बोलीत ओरडावं, एवढंच मला वाटतं. बाहेरून आलेल्याला न्यूयॉर्कची नक्कल ऐकण्यात काय रस?

हॉलच्या दाराची रुंदी मोजून कळव. चार स्पीकरांची कॅब अडीच फूट रुंद असते आणि तुझा जिना वळणाचा आहे.

तुझा,
विनायक