सरपंचांनी अमीन सयानींकडून शिकावे

महोदय,

१३ फेब्रुवारीला जागतिक रेडिओ दिन असतो आणि २० फेब्रुवारीला रेडिओ निवेदक अमीन सयानी यांचा स्मृतिदिन. त्या आठवड्यात त्यांच्यावर जे काही छापून येते त्यात त्यांच्या आवाजाचेच कौतुक असते. ‘बहनो और भाइयो’ ऐकले की आजही अंगावर काटा येतो, हे खरेच. पण त्या आवाजामागे त्यांनी चाळीस वर्षे जे काम केले, ते गावचा कारभार बघणाऱ्यांनी नीट समजून घ्यावे असे मला मनापासून वाटते. ग्रामपंचायत असो, मच्छीमार सोसायटी असो की मुंबईकर चाकरमान्यांचे मंडळ, आपल्या किनारपट्टीवर पुढारपणाला तोटा नाही. तोटा आहे तो लोकांशी रोजचा व्यवहार ठेवण्याचा.

१९५२ साली माहिती व नभोवाणी खाते बाळकृष्ण केसकर यांच्याकडे आले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळपास हद्दपार झाली. लोक श्रीलंकेच्या रेडिओ सिलोनकडे वळले. ३ डिसेंबर १९५२ या बुधवारी तिथे बिनाका गीतमाला हा सिनेमाच्या गाण्यांचा साप्ताहिक कार्यक्रम सुरू झाला. निवेदन, लेखन, आलेली पत्रे तपासणे, सगळे एकट्याने करायचे आणि आठवड्याला मिळणार २५ रुपये. म्हणून अनुभवी माणसे त्या कामाच्या वाटेला गेली नाहीत. विशीच्या उंबरठ्यावरच्या अमीनने ते घेतले. मुंबईत ध्वनिमुद्रण करायचे आणि फिती कोलंबोला पाठवायच्या, असा सगळा खटाटोप होता.

सुरुवातीला सात गाणी वाजवून श्रोत्यांना त्यांचा योग्य क्रम लावायला सांगत आणि बक्षीस असे १०० रुपये. पहिल्याच कार्यक्रमाला ९,००० पत्रे आली. पुढे हा आकडा आठवड्याला ६५,००० पर्यंत गेला. मी पोस्टात नोकरी केली आहे. टपालाची थैली फोडून पत्रे वाडीवार लावताना शे-दोनशे पत्रांतच डोळे शिणत, त्यामुळे ६५,००० पत्रे म्हणजे काय याचा मला अंदाज आहे. बरे, ही पत्रे नुसती मोजायची नव्हती, उत्तर बरोबर की चूक हेही बघायचे होते. ते हाताबाहेर गेले तेव्हा कार्यक्रमाचे रूप बदलले आणि लोकप्रियतेच्या क्रमाने गाणी लागू लागली.

हा क्रम ठरायचा कसा, यात मला सर्वांत मोठा धडा दिसतो. आधार होता दुकानांतल्या तबकड्यांच्या विक्रीचा. पण दुकानातल्या तबकड्या संपल्या की विक्रीही थांबते, आणि लोकांना हवे असलेले गाणेच यादीत खाली दिसू लागते. म्हणून जोडीला गावोगावच्या श्रोता संघांची मते घेतली जाऊ लागली. नावडत्या गाण्याला मान मिळाला तरी ऐकणारा कुरकुरत दुसऱ्या बुधवारी पुन्हा रेडिओला कान लावून बसायचा, कारण मोजणीवर त्याचा विश्वास होता. आमच्याकडे घरकुलाची यादी लागते तेव्हा अमक्याचे नाव वर आणि तमक्याचे खाली का, हे कोणी उभे राहून सांगत नाही. यादी फळ्यावर चिकटवली की काम संपले. मग पारावर ज्या गोष्टी बोलल्या जातात त्यांना आळा कोण घालणार?

दुसरा धडा भाषेचा. तो त्यांनी आईकडून घेतला. कुलसुम सयानी गांधीजींच्या सांगण्यावरून ‘रहबर’ हे पाक्षिक काढत. नुकत्याच अक्षरओळख झालेल्या माणसाला कळेल अशी सोपी हिंदुस्तानी, आणि तीच नागरी, उर्दू व गुजराती अशा तिन्ही लिप्यांत. अमीन त्या कामात आईला मदत करत. तरीही आकाशवाणीच्या हिंदी विभागात गेले तेव्हा उच्चारांवर गुजराती आणि इंग्रजीची छाप आहे म्हणून त्यांना नाकारले. ते रुसून बसले नाहीत, शिकले. समोरच्याला कळण्याची जबाबदारी बोलणाऱ्याची असते, हे त्यांना पुरते उमगले होते.

कायद्याने आपल्याकडे वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात आणि ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा. मी जिथे जिथे बसले तिथे विषयपत्रिका अशा वेगाने वाचली गेली की शेजारचीला ‘काय म्हणाले गो?’ असे विचारेपर्यंत पुढचा ठराव मंजूर झालेला असे.

याउलट एक माणूस मी पाहिला आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आले आणि आमच्या दापोली-मंडणगड पट्ट्यातल्या माड-पोफळींच्या बागा आडव्या झाल्या. दिवसच्या दिवस वीज नाही, मोबाइलला रेंज नाही, पंचनाम्यांविषयी रोज नवी आवई. आमच्या वाडीतला एकजण, पद कुठलेच नाही, रोज संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर येऊन दिवसभरात कळलेले सांगू लागला. आज कुठले पंचनामे झाले, तलाठी उद्या कुठे येणार, सातबाऱ्यावर अजून मयताचे नाव आहे त्यांनी काय करायचे. ठाऊक नसेल तर ‘अजून कळलेलं नाही, उद्या विचारून सांगतो’ म्हणायचा आणि दुसऱ्या दिवशी खरोखर सांगायचा. शेवटी पुढ्यातल्या म्हातारीला विचारायचा, ‘काकी, उद्या कायकाय कागद न्यायचे, सांगा बघू.’ तिला सांगता आले नाही तर पुन्हा पहिल्यापासून. चार-पाच दिवसांत वाडीतल्या आवया थांबल्या.

सरपंचांच्या प्रशिक्षणात कायदा, निधी, लेखे सगळे शिकवतात, ते हवेच. जिल्हा परिषदेला माझी विनंती आहे की त्यात एक सकाळ यासाठी ठेवावी. प्रत्येकाच्या हाती आपल्याच गावची घरकुल यादी द्यावी आणि कागद खाली ठेवून, ती कशी ठरली हे समोर बसलेल्या गावकऱ्यांना सांगायला लावावे. गावकरी खरे आणावेत, त्यात म्हाताऱ्या बायका असाव्यात, आणि कळले की नाही हे त्यांनीच ठरवावे. शिकवायला आकाशवाणीच्या रत्नागिरी केंद्रातल्या निवेदकांना बोलवावे. न दिसणाऱ्या माणसाशी रोज बोलण्याची त्यांना सवय आहे.

– एक सेवानिवृत्त टपाल कर्मचारी, ता. दापोली, जि. रत्नागिरी