कोळशात नाही, गाळात शोध

चंद्रपूर,
१४ नोव्हेंबर

प्रिय अवधूत,

सप्रेम नमस्कार.

फोटो मिळाला. काळ्याकुट्ट दगडावर पांढरंशुभ्र पान आणि खाली तुझा प्रश्न, "आपल्या चांद्याच्या कोळशात असं सापडते का बे?" इतकी वर्षं अमेरिकेत राहूनही तुझं 'बे' काही सुटलं नाही, बरं वाटलं. मोबाइलवर दोन ओळी टाकून भागलं असतं, पण उभी नोकरी कोळशाच्या खाणीत सर्व्हे करण्यात गेली. या विषयावर दोन ओळींत थांबणं मला जमायचं नाही. चहा घेऊन बस.

आधी तुझ्या पानाचं. विकणाऱ्यानं तुला 'सेंट क्लेअर, पेनसिल्व्हेनिया' एवढं सांगितलं ते पटण्यासारखं आहे. काळ्यावर पांढरी पानं म्हटलं की तेच नाव पुढे येतं. तो पांढरा रंग पानाचा नव्हे, पानाच्या जागी येऊन बसलेल्या पायरोफिलाइट नावाच्या खनिजाचा. फोटोवरून मला ते अलेथॉप्टेरिस वाटतं. दिसायला नेचा, पण नेचा नाही. बी धरणारी झाडं होती ती. वय सुमारे ३० कोटी वर्षं. तेव्हा तो मुलूख विषुववृत्ताच्या आसपास होता. बारमाही ओल, दलदल, आणि त्यात तीस-तीस मीटर वाढणारी लेपिडोडेन्ड्रॉनची झाडं. त्यांच्या खोडावर पानं गळल्याच्या खुणा अशा ओळीनं बसलेल्या असतात की पूर्वी जत्रांमध्ये ते तुकडे मगरीचं किंवा सापाचं कातडं म्हणून सहज खपले असते. युरोप-अमेरिकेचा दगडी कोळसा मुख्यतः त्या जंगलांचा.

आपला कोळसा त्या जंगलाचा नाहीच. खाणीत आयुष्य काढलेल्या माणसांनाही हे ठाऊक नसतं, म्हणून मी जरा रेटून सांगतो. आपल्या वर्धा खोऱ्यातला कोळसा बराकार नावाच्या खडकथरांतला, पर्मियन काळातला, साधारण २८ कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा आपली भूमी गोंडवनात, म्हणजे दक्षिणेकडच्या जमिनी जोडून झालेल्या त्या जुन्या महाखंडात, दूर दक्षिणेला होती, आणि नुकतीच बर्फाखालून बाहेर आली होती. खोटं वाटत असेल तर आल्यावर तुला इरईला नेतो. हिमनदीनं घासून गेलेल्या खडकावरचे ओरखडे तिथं आहेत. चांद्याच्या मे महिन्यात उभं राहून तो दगड बघायचा म्हणजे मजाच आहे. तर त्या थंड, पाणथळ प्रदेशात जे रान माजलं ते ग्लॉसोप्टेरिस नावाच्या झाडांचं. हिवाळा आला की पानं झडायची. दगड झालेल्या लाकडात वर्षाची वलयं स्पष्ट मोजता येतात. तुमच्याकडच्या त्या दलदलीतल्या झाडांत अशी वलयं सहसा मिळत नाहीत, कारण तिथं ऋतूच फारसे बदलत नव्हते.

म्हणजे तुझ्या प्रश्नाचं उत्तर: पानं सापडतात, भरपूर सापडतात, पण अशी नाहीत. आणि कोळशात तर मुळीच नाहीत. कोळशात सगळं दाबून एकजीव झालेलं असतं. पानं मिळतात ती दोन सीमच्या, म्हणजे कोळशाच्या थरांच्या, मधल्या शेलमध्ये, म्हणजे गाळाचा झालेल्या पापुद्र्यापापुद्र्याच्या दगडात, ज्याला आम्ही पार्टिंग म्हणतो, नाहीतर सीमच्या लगेच वरच्या थरात. पुराचा बारीक गाळ दलदलीत येऊन बसला, त्याखाली पानं दबली आणि टिकली. आपल्या कोळशाला राख फार म्हणून सगळे बोटं मोडतात. ३० ते ४० टक्के राख तर सर्रास. ती राख म्हणजे बरीचशी हाच गाळ, झाडपाल्यात मिसळून गेलेला. वीजवाल्यांना तो नको असतो, मला मात्र तोच हवा असायचा. एवढा गाळ आला नसता तर आपल्याकडे एवढी पानंही उरली नसती.

आता हातात धरून बघितल्यासारखं सांगतो. करड्या शेलचा एक ढेपसा घ्यायचा. आडवा धरून त्याच्या कडेला थरांच्या रेघा शोधायच्या आणि त्या रेघेवर पातळ छिन्नी ठेवून हलकेच ठोकायचं. जोर लावलास तर नुसता चुरा. बरोबर बसलं तर दगड दोन फाकांत उघडतो आणि दोन्हींवर तेच पान, एकीकडे उठावाचं, दुसरीकडे खोलगट. आंब्याच्या पानाची आठवण येईल असं लांबट, मधोमध ठसठशीत शीर, आणि तिच्यापासून कडेकडे जाताना एकमेकींना मिळणाऱ्या बारीक शिरांची जाळी. भिंगाखाली ती जाळी बघितल्याशिवाय पुढचा दगड फोडायचा नाही, असा माझा नेम. मधली शीर नसेल आणि जाळी मात्र असेल, तर ते गँगामॉप्टेरिस. खालच्या, जुन्या थरांत ते जास्त. कधी एका फाकेवर पानंच पानं पडलेली असतात, एकावर एक. पानगळ डोळ्यांसमोर उभी राहते. आणि आडव्या-उभ्या रेघांनी चौकोन पाडल्यासारखी पट्टी दिसली तर ती टाकू नये. ती व्हर्टेब्रेरिया, त्याच झाडाची मुळं. आत हवेच्या पोकळ्या होत्या, त्यामुळे पाण्यात बुडालेल्या जमिनीतही झाड तग धरायचं.

या पानांवर कोळशाचा एक पातळ काळा पापुद्रा असतो. खरा माल तोच, आणि तो ऊन लागलं की तडकतो, फुंकरीनंही उडतो. म्हणून दगड ताबडतोब वर्तमानपत्रात गुंडाळायचा आणि सावलीत सावकाश वाळू द्यायचा. हौशी लोक वरून वार्निश फासतात. मला ते बघवत नाही. प्रयोगशाळेत आम्लानं तो पापुद्रा सोडवून पानाच्या पेशींचे ठसे सूक्ष्मदर्शकाखाली बघता येतात. वार्निश लावलं की ती वाट जवळजवळ बंद. चकाकी हवी असेल तर फोटो काढताना दिवा अगदी तिरका धर, सगळ्या शिरा उठून दिसतात.

कामठीचे थर याहून वरचे, नंतरचे. तिथं कोळशाचा पापुद्रा नाही, पण पिवळट-तांबूस दगडावर ठसे इतके स्वच्छ की विचारू नकोस. आणि इथे तुझ्या कॉलेजचा संबंध येतो! ज्याचं नाव तुझ्या कॉलेजला आहे, तो स्टीफन हिस्लॉप १८४५ साली धर्मप्रसाराला नागपुरात आला आणि सिलेवाडा-कामठीच्या खाणींत बांधकामासाठी निघणाऱ्या दगडांत पानं शोधत बसला. त्यानं जमवलेल्या संग्रहाचं वर्णन चार्ल्स बनबरीनं १८६१ मध्ये लंडनला छापलं. दोनच वर्षांनी, १८६३ मध्ये, टाकळघाटच्या बाजूची शिळावर्तुळं पाहून परतताना हिस्लॉप पाण्याच्या लोंढ्यात बुडून गेला. कॉलेजात इतकी वर्षं घालवून यातलं अक्षरही आपल्याला कोणी सांगितलं नव्हतं.

याच पानाची दुसरी गोष्ट अंटार्क्टिकातली. फेब्रुवारी १९१२ मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी स्कॉटची तुकडी दक्षिण ध्रुवावरून हरून परतत होती, अन्न संपत आलेलं, तरी त्यातल्या विल्सननं बिअर्डमोर हिमनदीजवळ दगड गोळा केले. साधारण १६ किलो. ते त्यांनी, जिथं त्यांचा शेवट झाला त्या तंबूपर्यंत ओढत नेले. त्यांत ग्लॉसोप्टेरिस निघालं. भारत, ऑस्ट्रेलिया, आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि तिथंही तेच पान. या जमिनी एकेकाळी जोडलेल्या होत्या याचा हा मोठा पुरावा. लोक म्हणतात, ते दगड टाकले असते तर वाचले असते. मला नाही तसं वाटत. अन्न-इंधनाची आणि थंडीची जी दशा होती, तिच्यापुढे १६ किलोनं काय होणार होतं?

एक सांगायचंच राहिलं. विकणाऱ्याकडून जागा, थर, कोणी काढलं, केव्हा काढलं, सगळं विचारून घे आणि दगडाच्या मागं पेनानं नंबर टाकून वहीत उतरव. नुसतं 'पेनसिल्व्हेनिया' लिहून चालायचं नाही. चांगल्या घरांतल्या शोकेसमध्ये मी असे बेवारस दगड खूप पाहिलेत. देखणे असतात, पण अभ्यासाच्या उपयोगाचे नाहीत. आणि सेंट क्लेअरच्या त्या जागेवर गोळा करायला बंदी आहे असं मी वाचलंय, तेव्हा हातोडा घेऊन स्वतः जायची लहर आवर.

जानेवारीत येतोस तर मला आधी कळव. खाणीत आत जायला मॅनेजरची परवानगी लागते, बूट-हेल्मेट लागतं, आणि ओबीच्या, म्हणजे कोळशावरून काढून टाकलेल्या माती-दगडाच्या, ढिगाऱ्यावर कोणालाही असंच चढू देत नाहीत. ते बरोबरच आहे; ढिगारे घसरतात, काही तर आतून जळत असतात. परवानगीला दोन-तीन आठवडे लागतील. नाही मिळाली तर नागपूरला जाऊन कामठीच्या बाजूला हिंडू. तिथून पुढे सावजी आहेच, तुझं पोट आता किती सोसतं ते बघू.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विश्वास