बायबल स्टडीच्या ताईंना, भुकेबद्दलचा प्रश्न न टाळल्याबद्दल थँक यू

ताई, प्रभूमध्ये सलाम.

तुम्हाला फोनवर पण सांगता आलं असतं, पण हाच प्रश्न छळणारे अजून खूप जण असतील म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय. जेवणाआधी डोळे मिटून देवाचे आभार मानायचे आणि त्याच वेळी जगात 67 कोटींहून जास्त लोक उपाशी आहेत (2024 चा यूएनचा अंदाज), मग देवाने मला दिलं आणि त्यांना दिलं नाही असं समजायचं का? हे जिथे विचारलं तिथे "देवाची योजना असते" नाहीतर "प्रार्थना करा" एवढंच ऐकलं. तुम्ही म्हणालात प्रश्न बरोबर आहे, बायबलमधलं आमोस संदेष्ट्याचं पुस्तक उघडा.

आमोस 8 मी आधी वाचलेला पण असा नाही. शब्बाथ (आठवड्याचा विश्रांतीचा पवित्र दिवस) कधी संपतोय आणि धान्य विकायला कधी काढतोय अशी घाई झालेले व्यापारी, माप लहान करायचं, तराजूत खोट करायची, वर गव्हाचा भुसासुद्धा विकायचा आणि गरिबाला चपलांच्या एका जोडीच्या किमतीत विकत घ्यायचं. म्हणजे धान्य होतं! तुम्ही तिथेच थांबवलंत आम्हाला आणि विचारलंत, मग उपाशी कोण ठेवतंय? त्या दिवसापासून माझा देवावरचा राग गेला असं नाही म्हणणार, पण तो कुठे वळवायचा ते कळलं.

कारण आजचं चित्र पण तेच आहे ना. 2022 मध्ये घरं, हॉटेलं आणि दुकानं मिळून साधारण 105 कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं 60 टक्के घरांमधून. दुसरीकडे युद्धामुळे शेतं ओस पडतात, रस्ते बंद होतात, पाऊस फिरतो, भाव वाढतात आणि ज्याच्या हातात पैसा नाही तो भरलेल्या बाजारात उपाशी राहतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे जगातले अतिगरीब लोक बहुतेक खेड्यातच राहतात, शेतीवरच जगतात, पिकवणाराच अर्धपोटी, हे मला अजून पचत नाही.

तुम्ही बायबलमधलं लेवीय 19 शिकवलंत ते तर मी कितीजणांना सांगितलं असेल. शेताच्या कडेचं पीक कापायचं नाही, खाली पडलेलं वेचायचं नाही, ते गरिबाचं आणि परक्याचं. मालकाने दया दाखवून दिलेलं नाही, नियमाने त्यांचंच. बायबलमधली गरीब परकी विधवा रूथ शेतमालक बोआजच्या शेतात वेचायला गेली ती या नियमामुळेच जाऊ शकली, बोआज चांगला माणूस होता हे खरंच, पण कायदा आधीपासून होता. आणि निर्गम 23 मध्ये सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवायची, गरिबांनी खायचं आणि उरलेलं रानातल्या जनावरांनी, म्हणजे भुकेला माणूस, माती आणि जनावरं यांचा विचार एकाच आज्ञेत. आज जगात जेवढं गोडं पाणी उपसलं जातं त्यातलं 70 टक्क्यांच्या आसपास शेतीला लागतं, तरी मातीला विश्रांती द्यायचा विषय काढला की चर्चमध्ये लोक म्हणतात हे पर्यावरणवाल्यांचं काम. नाही हो, हे मोशेच्या नियमशास्त्रात आहे.

पुढे बिशप झालेल्या बासिलची गोष्ट पण तुमच्यामुळेच कळली. आताच्या तुर्कीतल्या कैसरियात इसवी सन 368 च्या सुमारास दुष्काळ पडला तेव्हा त्यांनी साठेबाजांना उपदेशातून सरळ झापलं आणि उपाशी लोकांसाठी अन्न गोळा करून वाटलं. दोन्ही केलं, नुसतं वाटप नाही. आपल्या मंडळ्यांमध्ये वाटप होतं, झापणं राहून जातं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पौलाच्या पत्रातलं 1 करिंथ 11 वाचल्यानंतर प्रभुभोजनाला (चर्चमधल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीला) जाताना आता वेगळंच वाटतं, एकजण उपाशी आणि दुसरा पिऊन तर्र, यावर पौल एवढा का चिडला ते कळतं. मी अजूनही जेवणाआधी आभार मानतो, आता पिकवणाऱ्यांचं पण नाव घेतो.

खूप खूप थँक यू ताई. आता पुढचं नहेम्या 5 घ्या ना प्लीज, धान्यासाठी शेतं गहाण टाकणाऱ्या लोकांबद्दल आहे ते, मी प्रश्न लिहून ठेवलेत, त्या दिवशी जरा जास्त वेळ काढून या.