सांबारं कमी पडलं नाही, ते डब्यांतून गेलं

संपादक महोदय, सा. न.

कालच्या अंकातली आमच्या गावच्या समाराधनेची, म्हणजे देवळातल्या गावजेवणाची, बातमी वाचली. ‘अन्न अपुरं, भाविकांची गैरसोय, स्वयंपाकाचं नियोजन ढिसाळ’ असं आपल्या वार्ताहरांनी लिहिलं आहे. ते मंडपात येऊन, दोन-चार जणांशी बोलून परत गेले. देवळामागच्या पडवीत, जिथे चुलाणी पेटली होती, तिथे ते फिरकलेही नाहीत. मी पहाटेपासून तिथेच होते, म्हणून हे पत्र.

आमच्याकडे तांदूळ काढताना माणशी दीडशे ग्रॅम धरतात आणि आल्यागेल्यासाठी वर आणखी घालतात. भात कमी पडेलसं वाटलं तेव्हा आम्ही दुसरा टोप चढवला, तासाभरात भात तयार झाला. काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याचं तसं नसतं. वाटाणे आदल्या रात्री भिजत घालावे लागतात, ते दुपारी दोन वाजता वाढवता येत नाहीत. म्हणूनच त्यांचा अंदाज आम्ही सर्वांत काळजीपूर्वक बांधतो आणि या वेळचा अंदाज बरोबर होता.

मग सांबारं गेलं कुठे? दुसरी पंगत उठायच्या आतच मागच्या दाराशी डबे आणि किटल्या घेऊन माणसं उभी राहिली. घरात आजारी माणूस असेल, बाळंतीण असेल, अंथरुणाला खिळलेली म्हातारी असेल, तर तिच्या वाट्याचा प्रसाद घरी गेलाच पाहिजे. तो आम्ही न मागता बांधून देतो. पण मुंबईहून पाहुणे आलेत, त्यांना उन्हात मंडपात बसवत नाही, म्हणून पाच लिटरची किटली भरून द्या म्हणणं हा कुठला प्रसाद? पाच लिटर म्हणजे पंगतीतल्या पंचवीस माणसांची वाढणी. अशा किती किटल्या भरल्या गेल्या ते चुलीपाशी असलेल्या प्रत्येकीने पाहिलं आहे. नको म्हटलं की उत्तर एकच, ‘आतून सांगितलंय.’ त्या ‘आतून’पुढे आम्हा बायकांचं काही चालत नाही.

आमच्या वाडीतल्या एक काकी आहेत, सत्तरी उलटलेल्या. सोलकढीचा आणि वाटणाचा नारळ त्यांनी इतर दोघींसोबत आडाळ्यावर (खवणीच्या विळीवर) बसून खवला. मध्ये एकदा चहाला उठल्या तेवढ्याच. वाढपी, भांडी घासणाऱ्या आणि स्वयंपाकाच्या बायका यांची पंगत शेवटची, ती चारच्या पुढे बसली. त्यांच्या पानात भात, डाळीचं खालचं पाणी आणि लोणच्याची फोड पडली. ना सांबारं, ना वडा, ना खीर. ज्या सोलकढीसाठी त्यांनी खांदा भरून येईपर्यंत खोबरं खवलं, तीही नव्हती. मी वाढायला उभी होते, माझा हातच पुढे होईना. काकी म्हणाल्या, ‘भात आसा मां? मग वाढ.’ आणि मान खाली घालून जेवल्या. आपल्या बातमीत ज्यांची गैरसोय झाली म्हणता, त्यांत काकी नाहीत. ढिसाळ ठरवलेल्यांत मात्र आहेत.

आंगणेवाडीच्या जत्रेत बायका मौन पाळून प्रसाद रांधतात, त्याचं दरवर्षी सगळी वर्तमानपत्रं आदराने वर्णन करतात. ते योग्यच आहे. तोच आदर लहान गावातल्या चुलीपुढच्या बाईला का नाही? बातमीसोबतच्या फोटोत पळी हातात घेतलेले पाच पुरुष आहेत. फोटो काढून झाल्यावर पळी आमच्याच हातात परत आली.

याला उपाय म्हणून केटरर बोलवा, बुफे लावा, असं गावात काही जण म्हणू लागले आहेत. ज्यांना गुडघ्यामुळे पाटावर बसवत नाही त्यांना बाकडं द्या. पण हातात ताट धरून रांगेत उभं राहणं म्हाताऱ्यांना त्याहून कठीण आहे. आणि डबे तर बुफेतूनही भरले जातील. पंगतच ठेवा. शेवटची पंगत उठेपर्यंत आजाऱ्याचा सोडून एकही डबा भरायचा नाही, आणि रांधणाऱ्या बायकांना दुसऱ्या पंगतीला बसवायचं. त्या वेळी वाढायला गावात तरुण मुलं पुष्कळ आहेत.

आणखी एक गोष्ट आपल्या वार्ताहरांच्या नजरेतून सुटली. राज्यात थर्माकोलच्या ताटल्यांवर 2018 च्या मार्चमध्ये बंदी आली. तरी आमच्या पंगतीत त्याच ताटल्या आणि चंदेरी मुलाम्याचे द्रोण होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ढिगात गुरं तोंड घालत होती. देवळाच्या मागेच केळीची बाग आहे आणि बागेचा मालक पानं फुकट द्यायला तयार होता. पानं कापायला, धुवायला माणसं मिळणार नाहीत म्हणून त्याला नको सांगितलं गेलं. हे कोणी सांगितलं, ते समितीने गावाला सांगावं आणि आपण ते छापावं.

– एक वाचक, ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग