पक्या, सायमनला ऐकून आलो

प्रिय पक्या,

ग्रुपवर अव्याने टाकलेला मेसेज वाचलास ना, आयर्न मेडनचा ड्रमर निको मॅकब्रेन टूरिंग सोडून गेला ते एका अर्थी बरंच झालं, आता नव्या सायमन डॉसनच्या हातून गाणी रेकॉर्डसारखी तरी वाजतायत वगैरे, आणि त्यावर तू नुसता अंगठा दिलास. अंगठा! तू! ते बघितल्यापासून डोक्यात किडा वळवळतोय म्हणून हे लिहायला बसलो. फोन केला असता, पण फोनवर तू मधेच तोडतोस आणि मग आपण निकोच्या आधीच्या ड्रमरला, क्लाइव्ह बरला, बँडने का काढला यावर जाऊन अडकतो ते पार बॅलन्स संपेपर्यंत, हे कॉलेजपासून चालू आहे. आज मी बोलणार, तू वाच. तब्येत ठीक, बीपीची गोळी चालू झालीये, आईचा गुडघा तसाच.

तर २८ जूनला लंडन स्टेडियमला मेडन बघितलं. वेस्ट हॅमचं ग्राउंड, म्हणजे आपल्या बेसवाल्या स्टीव्ह हॅरिसच्या घरचं मैदान, म्हातारा नुसता उड्या मारत होता. व्हिडिओ का नाही पाठवला म्हणून शिव्या घालू नकोस, मॅनेजर रॉड स्मॉलवूडने टूर सुरू व्हायच्या आधीच सगळ्यांना विनंती केली होती की मोबाईल खिशात ठेवा, डोळ्यांनी बघा, आणि मी ती पाळली. आता तुला सगळं शब्दांतच सांगावं लागणार आणि ड्रम्सबद्दल शब्दांत सांगणं म्हणजे काय ते तुला माहितीये.

पहिली गोष्ट, सायमन डॉसन दिसतो. म्हणजे खरंच डोळ्यांना दिसतो. निको त्या टॉम्स आणि झांजांच्या जंगलात गडप असायचा, बीकेसीला २००८ मध्ये आपण मान उंच करकरून बघत होतो आणि आपल्याला काय दिसलं तर वर आलेली काठी आणि नाक. सायमनचं किट लहान, माणूस सरळ बसतो, खांदे हलत नाहीत, सगळं मनगटात. तू ताशा वाजवलायस, तुला एका नजरेत कळलं असतं की ह्याचं काम कोपराखाली चालतं.

आणि सुरुवात कशाने केली बघ. मर्डर्स इन द रू मॉर्ग, रॅथचाइल्ड, किलर्स, फँटम, नंबर ऑफ द बीस्ट. ओळीने पाच आणि पाचही क्लाइव्हची! अख्ख्या सेटमधल्या सतरापैकी आठ गाणी क्लाइव्हने रेकॉर्ड केलेली, मी स्टेशनवर परत येताना बोटांवर मोजली. आणि पक्या, किलर्स सुरू झालं तेव्हा मला तूच आठवलास. तू त्या खोलीत उशीवर काठ्या आपटत मला समजवायचास ना, की क्लाइव्ह हाय-हॅट, ती पायाने मिटायची झांजांची जोडी, पूर्ण मिटत नाही, जराशी उघडी सोडतो, आणि स्नेअरच्या आधी एक श्वास ठेवतो म्हणून गाणं पळतंय असं वाटतं पण घाई वाटत नाही. तो श्वास मला त्या दिवशी ऐकू आला. सायमन ती जागा भरत नाही. फँटममधे मधल्या तुकड्यात जिथे सगळं थांबून परत उचलतात तिथे त्याने काहीच सजावट केली नाही, नुसतं वेळेवर आला, आणि डेव्ह आणि एड्रियनचं गिटार जे कित्येक वर्षं लाइव्हमधे एकमेकांवर चढलेलं ऐकलंय ते वेगवेगळं ऐकू आलं.

रन टू द हिल्स तर जवळपास रेकॉर्डच्या लयीत. तुला पटणार नाही पण ते गाणं हळू वाजवलं की जास्त दांडगं वाटतं, गॅलपमधला, म्हणजे त्या घोडदौडीच्या तालातला, तिसरा ठोका स्पष्ट पडतो, हॅरिसची बोटं आणि ड्रम्स एकाच माणसाची असल्यासारखी. साहजिक आहे म्हणा, दोघं हॅरिसच्या दुसऱ्या बँडमधे, ब्रिटिश लायनमधे, दहा-बारा वर्षं एकत्र वाजवतायत, २०१२ च्या पहिल्या अल्बमवरही सायमन आहे. हॅरिसने कुठून कोणी स्टार पकडून आणला नाही, ज्याच्याबरोबर छोट्या क्लबांमधे घाम गाळला त्यालाच बसवला, हे मला फार आवडलं.

इथपर्यंत अव्या बरोबर. पण माझा जीव अडकलाय तो पुढे.

निकोच्या काळातली गाणी आली, पॉवरस्लेव्ह आलं, रायम आलं, ट्रूपर आलं. सगळं बरोबर होतं. एकही चूक नाही. आणि तरी काहीतरी कमी होतं आणि मी तिथे साठ-सत्तर हजाराच्या गर्दीत उभा राहून तेच शोधत बसलो, बायको म्हणाली तुला बरं वाटत नाहीये का. मग एन्कोअरला चर्चिलचं भाषण झालं, एसेस हाय सुटलं आणि तिथे मला सापडलं. निको त्या गाण्यात बेसच्या किंचित पुढे असायचा. केसभर. उतारावर ब्रेक सोडून सायकल हाणल्यासारखं, आता पडतो की काय असं वाटायचं आणि कधी पडायचा नाही. लाइव्ह आफ्टर डेथ काढून ऐक, लाँग बीचचं, १९८५ चं, जवळपास सगळीच गाणी रेकॉर्डपेक्षा वेगात आहेत, आणि ती काय एकट्या निकोची घाई नव्हे, अख्खा बँडच तसा पळत होता, निको फक्त सगळ्यात पुढे. ते सुद्धा खालचा मोठा ड्रम एका पायाने वाजवून! जग डबल पेडलवर गेलं आणि हा बाबा अनवाणी पायाने सिंगल पेडलवर व्हेअर ईगल्स डेअरचे ते तिहेरी ठोके काढत राहिला. सगळ्या कारकिर्दीत एका फेस इन द सँडला काय ते डबल पेडल वापरलं, २००३ मधे, आणि त्यावरून तू मला महिनाभर छळलंस ते मी विसरलेलो नाही.

सायमन पुढे जात नाही. तो जागेवर बसतो आणि बाकीच्यांना आपल्यावर बसू देतो. क्लाइव्हच्या गाण्यांना ते सोन्यासारखं लागू पडतं कारण ती गाणी तशाच हाताने घडली होती. निकोची गाणी निकोच्या पुढे जाण्यावर बांधलेली आहेत, डिसेंबर १९८२ ला तो आला त्यानंतर हॅरिसने जे जे लिहिलं ते हा माणूस ड्रम्सवर बसणार हे धरूनच लिहिलं असणार, मला तरी तसंच वाटतं. सेव्हन्थ सनच्या त्या लांबलचक वाद्यांच्या भागात मला हे फार जाणवलं, निको तिथे राइड झांजेच्या घुमटावर सतत काहीतरी विणत असायचा, टिंगटिंग टिटिंग, आणि त्याच्यावर गिटार तरंगायचं. सायमनने ते स्वच्छ ठेवलं. मोकळं झालं, पण उघडंही पडलं.

आता अव्याचं जे मला सहन होत नाहीये ते ऐक. लोक दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी करतायत. लाइव्हला पळणं ही निकोची स्टाइल होती, चाळीसेक वर्षं, आवडो न आवडो. आणि शेवटच्या दोन वर्षांत जे झालं ते शरीराचं होतं. जानेवारी २०२३ मधे त्याला स्ट्रोक आला, उजवी बाजू खांद्यापासून खाली गेली. ड्रमरचा उजवा हात, पक्या! दहा आठवड्यांवर थेरपी करून सत्तर टक्के बरा झालो म्हणाला आणि मेच्या शेवटी ल्युब्लियानाला स्टेजवर हजर. कोणाला सांगितलं पण नाही, ऑगस्टमधे सांगितलं. वेगातले फिल्स आता जमत नाहीत हे त्याने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं आणि त्या जागी दुसरं बसवलं. मी ते रेकॉर्डिंग परत परत ऐकलंय. जिथे पूर्वी टॉम्सवरून सोळाचे ठोके घरंगळत यायचे तिथे तो आता दोन-तीन मोठे ठोके टाकतो, पण टाकतो ते बरोबर त्या शब्दाखाली जिथे गाणाऱ्या ब्रूसला टेकू लागतो. एवढं शहाणपण चाळीस वर्षं ती गाणी अंगात मुरल्याशिवाय येत नाही. आणि ह्याला अव्या म्हणतो "वाजवता येत नव्हतं".

७ डिसेंबर २०२४ ला साओ पाउलोला शेवटचा शो करून बहात्तराव्या वर्षी टूरिंग सोडलं. दुसऱ्या दिवशी सायमनचं नाव जाहीर. मला त्या घाईचाही तेव्हा राग आला होता, आता नाही.

मला भीती काय वाटते सांगू. तू क्लाइव्हवाला. तू इतकी वर्षं म्हणत आलास की क्लाइव्हला विसरले सगळे, आणि ते खरंही होतं, १२ मार्च २०१३ ला तो गेला तेव्हा रात्री तू फोनवर एक शब्द न बोलता नुसता धरून बसला होतास. त्याला एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, झाल्यावर ब्रिक्सटनला बँडने त्याच्यासाठी शो केले, २००२ मधे, ते सोडलं तर त्याचं नाव काढायला आपल्यासारखे चार वेडेच. आता सायमनमुळे त्याचा हात परत ऐकू येतोय, लोक परत क्लाइव्ह क्लाइव्ह करतायत आणि तुझा आनंद मला कळतो रे. पण त्यासाठी निकोला खाली ओढायची काय गरज आहे? जो अन्याय एकावर झाला म्हणून तू भांडलास तोच आता दुसऱ्यावर होतोय आणि तू अंगठा देतोयस?

एक काम कर. हॅलोड बी दाय नेम घे. आधी १९८२ चं रेकॉर्ड, मग २००१ चं रिओचं, आणि मग सायमनचं कुठलंही चांगलं रेकॉर्डिंग. गाणी बदलू नकोस, एकच गाणं तिघांच्या हातातून ऐक. घंटेनंतर बँड आत येतो ना, तिथे बघ. क्लाइव्ह मागे रेलतो, निको ढकलतो, सायमन उभा राहतो. मला तिन्ही हवेत. पण शेवटच्या त्या पळापळीला, ब्रूस थांबल्यावर, माझा माणूस निकोच आणि हे मी मरेपर्यंत बदलणार नाही.

बाकी तुझं काय. रिडेव्हलपमेंटवाल्याने भाडं सुरू केलं का? चिनूचं दहावीचं अभिनंदन, वहिनींना सांग पेढे उधार आहेत. नवीन बॉस सरळ आहे म्हणालास, असू दे तसाच. मनगटाचा एमआरआय काढून घे, टाळू नकोस.

ग्रुपवर मी अव्याला काही बोलणार नाहीये, मी बोललो की तो मुद्दाम चढतो. तू बोल. ड्रम्सच्या बाबतीत तो फक्त तुझं ऐकतो. आणि तो अंगठा काढ.

तुझा,
संद्या